शाळकरी मुलांतील जंतविकार : ओळख, तपासणी व उपचार

ज्या मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही, जे मधल्या सुट्टीत खेळावयास न जाता भिंतीला टेकून बसते, ज्याची हजेरी पावसाळ्यात व त्यापुढील महिन्यांत तुटक दिसते, त्याच्या नावापुढे ‘मंद’ किंवा ‘आळशी’ असा शेरा सहज लिहिला जातो. असा शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. पापणीची आतली बाजू लालसर असावयास हवी; ती फिक्कट, पांढुरकी दिसली तर त्या मुलाचा आळस कोठून आला ह्याचा शोध त्याच्या स्वभावात घेण्याऐवजी त्याच्या रक्तात आणि आतड्यात घ्यावा लागतो.

ह्या बाबतीत अमेरिकेतील एक जुनी हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे. त्या देशाच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी वर्ग हा जात्याच सुस्त आहे, असे तेथील सुखवस्तू लोक पिढ्यानपिढ्या समजत आले होते. चार्ल्स स्टाइल्स ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ साली दाखवून दिले की, ह्या सुस्तीचे मोठे कारण आतड्याला चिकटून रक्त शोषणारा एक बारीक कृमी आहे. वृत्तपत्रांनी त्यास थट्टेने ‘आळसाचा जंतू’ असे नाव दिले. परंतु १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून मंडळ स्थापन होऊन ११ राज्यांत तपासणी सुरू झाली, तेव्हा तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या पोटात हा कृमी सापडला, आणि थट्टा थांबली. उपचारानंतर त्या प्रदेशातील मुलांची शाळेतील उपस्थिती वाढली, असे पुढील अभ्यासकांनी जुन्या नोंदी चाळून दाखविले आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके असून, २०१८ साली केंद्र शासनाने आरोग्य, शिक्षण इत्यादी निकषांवर जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचाही समावेश झाला. जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबे शेती व शेतमजुरीवर जगतात. पेरणीपासून सोयाबीनच्या सोंगणीपर्यंत आईबापांचा दिवस ओल्या रानात जातो आणि लहान मूल धुऱ्यावर, मातीत, अनवाणी वाढते. जंतांचा प्रश्न येथे पुस्तकी नाही, तो ह्या मातीशी जोडलेला आहे. म्हणून ह्या मातीचाच विचार आधी करणे बरे.

मातीतून पसरणारे कृमी मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. गोल जंत हा सर्वांत मोठा, १५ ते ३५ सेंटीमीटर लांबीचा, गांडुळासारखा पण पांढरट. त्याची मादी दररोज सुमारे दोन लाख अंडी घालते आणि ती सर्व विष्ठेबरोबर बाहेर पडतात. बाहेर पडलेले अंडे तत्काळ रोगकारक नसते. ऊब व ओल मिळाल्यास दोन ते चार आठवड्यांत त्याच्यात अळी तयार होते, आणि असे तयार अंडे मातीत कित्येक महिने, अनुकूल परिस्थितीत कित्येक वर्षेही टिकते. चिकण, ओल धरून ठेवणारी जमीन त्याला विशेष मानवते. आपल्याकडील काळी जमीन ह्याच जातीची आहे. मुलाच्या नखांतून, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून, गाळ आलेल्या पाण्यातून अंडे पोटात गेले की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात स्थिर होऊन मोठी होते. ह्या प्रवासामुळेच काही मुलांना पोटाची तक्रार सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी कोरडा खोकला व घरघर होते, आणि त्या खोकल्याचा जंतांशी संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. अंडे पोटात गेल्यापासून नवीन मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात.

अंकुशकृमीची रीत निराळी आहे. हा जेमतेम एक सेंटीमीटर लांबीचा असतो, परंतु तिघांत घातक तोच. त्याची अंडी तोंडावाटे जावी लागत नाहीत. सावलीच्या, भुसभुशीत, ओलसर जमिनीत एकदोन दिवसांत अंडे फुटते, आठवड्याभरात अळी तयार होते व उघड्या पायाची कातडी भेदून आत शिरते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज व पुरळ उठते. खेड्यात त्याला चिखल्या समजून तेल-हळद लावतात आणि खरोखरीच पुष्कळदा त्या चिखल्याच असतात, हे सांगितले पाहिजे. कातडीतून शिरण्याची ही गोष्ट आर्थर लूस ह्या जर्मन शास्त्रज्ञाला कैरो येथे अपघातानेच कळली. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला, तेथे आग होऊन लाली आली आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्याच विष्ठेत अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. हा कृमी आतड्याच्या आवरणाला तोंडाने पकडून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर, तर दुसऱ्या जातीचा ०.१५ मिलिलिटर वा त्याहून थोडे अधिक रक्त खर्ची घालतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दुसऱ्या जातीचे १०० कृमी पोटात असले तर दिवसाला १५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन लहान चमचे भरून रक्त जाते, आणि ज्या मुलाच्या ताटात डाळ, पालेभाजी व अंडे क्वचितच पडते, ते मूल ही तूट कशी भरून काढणार? अतिचिकण, पाणी साचणारी जमीन अंकुशकृमीच्या अळीला फारशी मानवत नाही. नदीनाल्याकाठची वाळूमिश्रित माती आणि मळ्याची सावली मानवते. तेव्हा काळ्या रानातील गाव आणि पैनगंगेच्या काठचे गाव ह्यांत एकच चित्र असेल असे गृहीत धरू नये.

तिसरा चाबूककृमी. तीन ते पाच सेंटीमीटर लांब, पुढचा भाग केसासारखा बारीक व मागचा जाड. तो मोठ्या आतड्यात राहतो, थोडा असल्यास त्रास देत नाही. फार झाल्यास आव-रक्ताचे जुलाब लागतात व लहान मुलांत गुदद्वार बाहेर येते.

ह्या तिघांहून वेगळा, पण घराघरांत ठाऊक असलेला, तो सुतासारखा बारीक पांढरा जंत. हा मातीतून येत नाही. त्याची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, त्यामुळे मूल रात्री खाजवते, झोपमोड होते, चिडचिडे होते. ही अंडी थोड्या तासांतच रोगकारक होतात आणि नखांतून, चड्डीतून, अंथरुणातून भावंडांकडे जातात. म्हणून एका मुलाला गोळी देऊन भागत नाही. घरातील सर्वांना एकाच दिवशी औषध द्यावे लागते व दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

आता निदानाकडे वळू. प्रथम जे निदान नव्हे ते बाजूला काढले पाहिजे, कारण आपल्याकडे समजुती फार आहेत. झोपेत दात खाणे हे जंतांचे लक्षण मानले जाते, परंतु दात खाणारी असंख्य मुले पूर्णपणे निर्जंत असतात. गालावरील फिक्कट चट्टे हेही तसेच. ते कातडीच्या कोरडेपणाचे असतात, जंताच्या गोळीने जात नाहीत. गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात हे तर घरोघरी सांगितले जाते. गोडातून जंत उत्पन्न होत नाहीत. न धुतलेल्या हाताने गूळ खाल्ला तर दोष हाताचा. ह्या समजुतींमुळे दोन्हीकडून नुकसान होते: ज्याला जंत नाहीत त्याला वारंवार औषध मिळते आणि ज्याला आहेत, पण जो दात खात नाही, तो सुटून जातो.

शिक्षकाने निदान करावयाचे नसते. त्याने लक्षात ठेवावयाचे व पाठवावयाचे असते. पुढील गोष्टी एकाच मुलात दोनतीन एकत्र दिसल्या तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे योग्य होय: पापणी, जीभ व तळहात यांवर फिक्कटपणा, थोडे धावल्यावर धाप, हातपाय काटकुळे असून पोट पुढे आलेले, बेंबीभोवती वारंवार दुखणे, शौचातून वा उलटीतून जंत पडल्याचे घरच्यांनी सांगणे, आणि माती, खडू अथवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय. ह्या शेवटच्या सवयीबद्दल मुलाला मारणे किंवा वर्गासमोर हसणे हे सर्वथा गैर आहे. शरीरात लोह कमी झाले की अशी खाखा पुष्कळदा सुटते, आणि माती खाल्ल्याने जंतांची अंडी आणखी पोटात जातात. असे हे चक्र आहे. ते छडीने तुटत नाही.

एक लक्षण मात्र थांबू न देणारे आहे. पोटात पिळवटून कळा, हिरवट उलट्या, पोट फुगून घट्ट होणे व शौच-वारा बंद होणे हे सारे एकत्र आले, तर गोल जंतांचा गुंता होऊन आतडे बंद झाले असण्याचा संभव असतो. अशा मुलाला जंताची गोळी, एरंडेल वा कोणतेही रेचक देऊ नये. वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात अथवा वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे.

खरे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होते. विष्ठेचा थोडा अंश काचपट्टीवर मिठाच्या पाण्यात कालवून पाहिला की अंडी दिसतात, आणि प्रत्येकाचे अंडे वेगळे असते. गोल जंताचे जाड, खडबडीत कवचाचे व पिवळसर-तपकिरी. अंकुशकृमीचे पातळ, पारदर्शक कवचाचे व आत पेशींचे चारआठ भाग झालेले. चाबूककृमीचे पिंपासारखे व दोन्ही टोकांस बुचे लावल्यासारखे. नमुना कोरड्या, स्वच्छ, झाकणाच्या डबीत द्यावा. त्यात मूत्र वा जमिनीची माती मिसळू देऊ नये, कारण मातीत निसर्गतः राहणाऱ्या अळ्या त्यात आल्या की तपासणाऱ्याची दिशाभूल होते. सकाळचा नमुना सकाळीच पोहोचावा. उन्हाळ्यात डबी दिवसभर पिशवीत राहिली तर अंकुशकृमीची अंडी फुटून जातात. अंडी दररोज सारखी पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यात काही न सापडल्यास संशय असलेल्या मुलाचे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने पाहण्याची पद्धत आहे. नर जंतच असले, किंवा अळी अजून फुप्फुसातच असली, तर अंडे मुळीच सापडत नाही. सुतासारख्या बारीक जंताचे अंडे तर विष्ठेत क्वचितच मिळते. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, शौचास जाण्यापूर्वी व अंग धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वाराच्या कडेस लावून तो काचपट्टीवर चिकटवितात व तपासतात.

अंडी आहेत किंवा नाहीत एवढ्याने काम भागत नाही. किती आहेत हे कळावे लागते. त्यासाठी जपानमधील काटो यांनी १९५४ साली सुचविलेली व ब्राझीलमधील काट्झ यांनी १९७२ साली सुधारलेली एक पद्धत जगभर वापरतात. छिद्र असलेल्या पट्टीने विष्ठेचा बरोबर ४१.७ मिलिग्रॅम अंश मोजून घेतात, ग्लिसरिनमध्ये भिजविलेल्या कागदाने तो दाबून पारदर्शक करतात आणि दिसणारी सर्व अंडी मोजतात. १००० ला ४१.७ ने भागले की सुमारे २४ येतात, म्हणून मोजलेल्या संख्येस २४ ने गुणले की एका ग्रॅममधील अंडी मिळतात. सातवीच्या वर्गात गुणोत्तराचे उदाहरण म्हणून हे सांगण्याजोगे आहे. समजा गोल जंताची ३० अंडी मोजली. ३० × २४ म्हणजे ७२०. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ५,००० च्या खाली सौम्य, ५,००० ते ४९,९९९ मध्यम व ५०,००० च्या वर तीव्र बाधा समजतात, म्हणजे हे मूल सौम्य गटात पडले. अंकुशकृमीच्या बाबतीत मात्र ४,००० अंडीच तीव्र ठरतात, इतके ते कृमी महागात पडतात. ह्या पद्धतीत एक खोच आहे. ग्लिसरिन अंकुशकृमीचे पातळ अंडे लवकरच दिसेनासे करते; काचपट्टी तयार केल्यापासून अर्ध्या ते एक तासाच्या आत ती पाहिली नाही तर रोग असून अहवाल ‘नाही’ असा येतो.

मग प्रश्न असा येतो की, तपासणी इतकी बारकाईची असताना शाळेत सर्वांनाच न तपासता गोळी का दिली जाते? ह्याचे उत्तर साधे आहे. तपासणीस जो खर्च व वेळ लागतो त्याच्या मानाने गोळी अत्यंत स्वस्त आहे, आणि ती ज्याला जंत नाहीत त्याला अपाय करीत नाही. म्हणून ज्या प्रदेशात २० टक्के वा अधिक मुलांत हे कृमी आढळतात तेथे वर्षातून एकदा, व ५० टक्क्यांहून अधिक मुलांत आढळतात तेथे दोनदा सर्व मुलांना औषध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण आहे. भारतातील १ ते १४ वर्षांच्या सुमारे २४ कोटी मुलांना ह्या कृमींचा धोका असल्याचा त्या संघटनेचा अंदाज होता. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ रोजी प्रथम पाळण्यात आला, आणि पहिल्या ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र होता. पुढे दुसरी फेरी ऑगस्टमध्ये आली. प्रत्यक्ष तारीख राज्याच्या सोयीप्रमाणे बदलते, म्हणून ती परिपत्रकात पाहावी.

औषध अल्बेंडाझोल. १ ते २ वर्षांच्या बालकास २०० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, २ वर्षांवरील मुलांस १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी. हे औषध जंताच्या पेशींतील सूक्ष्म नलिकांना बाधून त्याची साखर शोषण्याची क्षमता बंद करते. जंत उपाशी पडून काही दिवसांत मरतो. मेलेला जंत पुष्कळदा आतड्यातच पचून जातो. तेव्हा दुसऱ्या दिवशी जंत पडलेला दिसला नाही म्हणून ‘गोळी खोटी होती’ असे पालक म्हणतात, ते बरोबर नाही. पूर्वीच्या काळी आपल्या घरांत वावडिंग व पळसपापडी देत, वैद्य किरमाणी ओवा देत. त्या ओव्यापासून काढलेले सँटोनिन हे औषध तर युरोपातही दीर्घकाळ प्रचलित होते. ह्या वनस्पतींत जंतनाशक गुण आहे हे नाकारण्याचे कारण नाही. अडचण मात्रेची आहे. पळसाच्या बिया किती द्याव्यात हे आजीच्या मुठीवर ठरते, अधिक झाल्या तर ओकाऱ्या व जुलाब होतात, आणि सँटोनिन अधिक झाल्यास मुलाला सर्व वस्तू पिवळ्या दिसू लागत. मोजून दिलेल्या गोळीचा फायदा तो हाच.

गोळी देण्याच्या दिवशी शिक्षकाने काही गोष्टी काटेकोरपणे पाळावयाच्या असतात. गोळी चावून खाण्याची आहे. ती गिळावयास लावू नये. अंगणवाडीतील तीन वर्षांखालील बालकांस ती दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातूनच द्यावी. रडणाऱ्या बालकाचे नाक दाबून, डोके मागे करून औषध घालण्याची जी रीत घराघरांत आहे ती शाळेत कदापि चालू देऊ नये. घशात गोळी अडकून श्वास कोंडण्याचा खरा धोका औषधात नसून ह्या रीतीत आहे. त्या दिवशी ताप असलेल्या, आजारी किंवा दुसरे औषध चालू असलेल्या मुलास गोळी देऊ नये, बरे झाल्यावर द्यावी. ज्या मुलास फेफरे येतात त्याच्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला आधी घ्यावा. गोळी हाती देऊन ‘घरी जाऊन खा’ असे सांगू नये. ती दप्तरात राहते, नाहीतर धाकट्या भावाच्या हाती लागते.

गोळी खाल्ल्यावर काही मुलांना मळमळते, एखाद्यास उलटी होते, पोट दुखते. ज्याच्या पोटात जंत अधिक, त्याला असा त्रास अधिक. त्याला सावलीत निजवून पाणी द्यावे व जवळ बसावे. बहुधा थोड्या वेळात बरे वाटते, न वाटल्यास आरोग्य सेविकेस किंवा केंद्रास कळवावे. एका मुलास उलटी झालेली पाहून दहा जणांना मळमळू लागते, हेही शाळेत घडते. अशा वेळी मुख्याध्यापक गडबडून गेले तर बातमी गावभर पसरते आणि पुढील फेरीस निम्मा वर्ग गैरहजर राहतो. पालकांना आदल्या दिवशीच हे सर्व सांगून ठेवलेले असले म्हणजे गैरसमजास जागा राहत नाही. मुलांना उपाशीपोटी बसवून ठेवण्याची आवश्यकता नाही. शालेय पोषण आहारानंतर गोळी देणे सोयीचे पडते.

गोळीची ताकद सर्व कृमींवर सारखी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एका गोळीने गोल जंत असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९५ मुले मुक्त होतात, अंकुशकृमीच्या बाबतीत सुमारे ८०, पण चाबूककृमीच्या बाबतीत जेमतेम ३०. त्यामुळे गोळीनंतरही आव-रक्त चालू राहिलेल्या मुलास पुन्हा तपासणीस पाठवावे. गोळी कृमी मारते, रक्त भरून देत नाही. ते काम लोहाचे आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी गोळी व दहा वर्षांवरील मुलांसाठी निळी गोळी दिली जाते, ती जंताच्या गोळीइतकीच महत्त्वाची आहे. आठवड्याची लोहगोळी वाटण्याचा कंटाळा करणाऱ्या शाळेने जंतनाशक दिन उत्साहाने पाळला, तर काम अर्धेच झाले.

शास्त्रज्ञांत ह्या सामुदायिक औषधोपचाराविषयी वाद आहे, आणि तो शिक्षकांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. केनियातील बुसिया जिल्ह्यात ७५ शाळांत १९९८ पासून जो प्रयोग झाला, त्यात मुलांची गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे मिगेल व क्रेमर यांनी २००४ साली मांडले. ह्या दोघांपैकी क्रेमर यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उलट उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनावर व मृत्युप्रमाणावर फारसा परिणाम आढळला नाही. ह्या दोहोंत विरोध वाटतो, परंतु ज्या गावात जंत थोडे, तेथे सर्व मुलांची सरासरी काढली की मूठभर आजारी मुलांचा लाभ त्या सरासरीत बुडून जातो, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खरोखर पोट भरून जंत असलेल्या मुलाला औषधाचा लाभ होतो, ह्याविषयी वाद नाही. ते मूल शोधण्याचे काम सरासरी करीत नाही. ते वर्गशिक्षकच करू शकतो.

औषधाशिवायही एखादा कृमी देशातून हद्दपार होऊ शकतो, ह्याचे उदाहरण आपल्याच राज्याने पाहिले आहे. जुन्या पिढीतील माणसांना नारू आठवत असेल. पायातून हात-दोन हात लांबीचा धाग्यासारखा कृमी फोड फोडून बाहेर येई आणि तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून आठवडेच्या आठवडे घालवावे लागत. ओढताना तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणास खिळे. त्यावर औषध नव्हते, आजही नाही. रोगी पायविहिरीत उतरला की कृमीच्या अळ्या पाण्यात पडत, त्या पाण्यातील बारीक जलपिसू खात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षाने नवा नारू निघे. १९८४ साली भारतात सात राज्यांत सुमारे ४०,००० रुग्ण होते. त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. पायविहिरी बंद करणे वा त्यांना कठडे घालणे, हातपंप बसविणे, पाणी फडक्याने गाळून पिणे, जलपिसू मारणारे औषध पाण्यात टाकणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्या उपायांनी हा रोग हटला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

गोल जंत व अंकुशकृमी ह्यांचीही नाडी अशीच एका ठिकाणी आहे, ती म्हणजे उघड्यावर पडलेली विष्ठा. राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यानंतर घरोघरी शौचालये झाली, तरी पावसाळ्यात खड्डा भरला, पाणी नसले, किंवा घर रानात असले की लोक पुन्हा गोदरीकडे वळतात. त्यातही लहान मुलाची विष्ठा ‘निर्मळ’ समजून अंगणाच्या कडेलाच टाकली जाते, आणि जंतांची अंडी तर तिच्यातच अधिक असण्याचा संभव असतो. शौचालयाचा खड्डा उपसून लगेच भाजीच्या वाफ्यात टाकू नये. दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा बंद करून किमान वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवावा. पाण्यात टाकावयाच्या क्लोरीनच्या औषधाने गोल जंताचे अंडे मरत नाही. पाणी गाळून, निवळू देऊन अथवा उकळून प्यावे. हात साबणाने धुताना नखांच्या आतील मळ निघाला पाहिजे. शाळेत शनिवारी नखे कापून घेण्याचा जुना प्रघात होता, तो काही शाळांनी सोडून दिला आहे. तो पुन्हा सुरू करण्यास काहीही खर्च येत नाही.

शेवटी ज्या मुलांची नावे हजेरीपटावर असतात पण जी फेरीच्या दिवशी गावातच नसतात, त्यांच्याविषयी. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांबरोबर कित्येक मुले, विशेषतः तांड्यांवरील, फेब्रुवारीची फेरी चुकवितात, आणि आठवड्याभरातील राहिलेल्यांसाठीचा दिवसही त्यांना मिळत नाही. तोडीच्या ठिकाणी राहुटीभोवती शौचालय नसते, मातीवरच निजावे लागते. म्हणजे ज्यांना औषध सर्वांत अधिक हवे तीच मुले नोंदीत ‘अनुपस्थित’ म्हणून राहतात. अशा मुलांची वेगळी यादी मुख्याध्यापकाने ठेवावी, ती आशा कार्यकर्तीस व आरोग्य उपकेंद्रास द्यावी आणि ती उन्हाळ्यात परतल्यावर आठवड्याच्या आत त्यांना गोळी मिळाली किंवा नाही, हे त्याच यादीवर तारखेसह लिहून ठेवावे. ऑगस्टच्या फेरीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अल्बेंडाझोल प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर मिळते.